बैलगाडी पुढे जातेच कशी? भाचीचा प्रश्न आणि मामाची फजिती

मामा_इंदिरानगर
रविवार, रात्री ९:४०

मंडळी, बारावीनंतर फिजिक्सशी जो काडीमोड झाला तो झालाच. आता जीएसटीची रिटर्न भरण्यात आयुष्य चाललंय. पण आज बहिणीकडे जेवायला गेलो आणि नववीतल्या भाचीने गाठलं. 'गतीचे नियम' हा धडा झालाय, त्यावर चाचणीही झालीय आणि बाईसाहेब चिडलेल्या आहेत.

तिचे दोन प्रश्न.

पहिला: न्यूटनचा तिसरा नियम म्हणतो की बैल गाडीला जेवढ्या जोराने पुढे ओढतात, तेवढ्याच जोराने गाडी बैलांना मागे ओढते. दोन्ही जोर सारखे, दिशा उलट. मग बेरीज शून्य. मग गाडी हलतेच कशी? मी ठसक्यात म्हणालो, "अगं, घर्षणामुळे!" ती म्हणाली, "मामा, घर्षण तर थांबवतं ना? आणि कोणावरचं घर्षण?" मी बासुंदीची वाटी तोंडाला लावली.

दुसरा: चाचणीत प्रश्न होता. टेबलावर पुस्तक ठेवलंय, तर पुस्तकाच्या वजनाचं प्रतिक्रिया बल कोणतं? तिने लिहिलं, 'पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ते.' भोपळा मिळाला. अपेक्षित उत्तर होतं, 'टेबल पुस्तकाला वर ढकलतं ते.' क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले, शाळेचं बरोबर आहे, पाठ कर. (शाळेचं आणि क्लासचं नाव विचारू नका. पोरीला त्याच शाळेतून दहावी काढायचीय.)

मला पोरीचं म्हणणं पटतंय, पण का पटतंय ते सांगता येत नाही. इथे जाणकार आहेत. हिशोबनिसाला कळेल अशा भाषेत सांगा, कारण माझा ताळेबंद जुळत नाहीये.

चिवडा_कांदा_लिंबू
रविवार, रात्री ९:५२

बैलांना न्यूटन माहीत नसतो म्हणून गाडी चालते. हलके घ्या.

शंकेखोर
रविवार, रात्री १०:१५

शाळेचं उत्तर बरोबर आहे. वजन खाली, टेबलाचा जोर वर, दोन्ही सारखे आणि उलटे. तिसरा नियम याहून वेगळा काय सांगतो?

बैलगाडीचं म्हणाल तर पुस्तकी वाक्य फार ताणायचं नसतं. आधी क्रिया होते, मग प्रतिक्रिया. मधल्या क्षणात गाडी सुटते. आणि गाडी निघते तेव्हा बैलांचा जोर गाडीच्या जोरापेक्षा जास्त असतोच. नाहीतर रस्सीखेचीत कोणी जिंकलंच नसतं.

निवृत्त_मास्तर
रविवार, रात्री ११:३०

३१ वर्षं विज्ञान शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं हा धडा मी शंकेखोर म्हणतात तसाच शिकवला, हे आधी कबूल करतो. मग एका पोराने मला हाच बैलगाडीचा प्रश्न विचारला आणि माझी झोप उडाली.

मामा, तुमच्याच भाषेत सांगतो. तुम्ही मला १०० रुपये दिलेत. तुमच्या वहीत १०० नावे, माझ्या वहीत १०० जमा. दोन्ही आकडे सारखे, चिन्हं उलट. आता कोणी म्हणालं की बेरीज शून्य, म्हणजे व्यवहार झालाच नाही, तर तुम्ही त्याला कामावरून काढाल. दोन वह्या आहेत! माझ्याकडे पैसे वाढले की नाही हे बघायला माझीच वही उघडायची.

तिसऱ्या नियमातले दोन जोर नेहमी दोन वेगळ्या वह्यांत पडतात. बैलांचा ओढा गाडीच्या वहीत, गाडीचा ओढा बैलांच्या वहीत. गाडी हलेल का, हे ठरवायला फक्त गाडीची वही बघायची. तिथे काय काय आहे? बैलांचा पुढे ओढा, आणि आस व चाकं यांचा मागे खेचणारा अडथळा. बस. गाडीने बैलांवर लावलेला जोर त्या वहीत नाहीच, मग तो वजा कसा करणार?

आकडे घालून बघू (मी मनाने घेतलेत, सोपे पडावेत म्हणून). गाडी आणि माल मिळून १००० किलो. अडथळा ३०० न्यूटन (न्यूटन हे जोर मोजायचं माप). बैल ५०० न्यूटनने ओढतात. गाडीच्या वहीत शिल्लक २०० न्यूटन, भागिले १००० किलो, म्हणून त्वरण (वेग वाढण्याचा दर) ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. गाडी निघाली.

आता बैलांची वही. दोन बैल, ८०० किलो. गाडी त्यांना ५०० न्यूटनने मागे ओढतेय, बरोबर ५००, एक न्यूटनही कमी नाही. तरी ते पुढे जातात, आणि गाडीच्याच त्वरणाने जातात, म्हणजे त्यांच्या वहीत ८०० गुणिले ०.२ म्हणजे १६० शिल्लक हवी. ती आली कुठून? बैल खुरांनी जमिनीला मागे रेटतात, जमीन त्यांना ६६० न्यूटनने पुढे रेटते. ६६० वजा ५००, १६०. ताळेबंद जुळला.

म्हणजे तुमचं 'घर्षणामुळे' हे उत्तर बरोबर होतं मामा, फक्त अर्धंच सांगितलंत. आसाजवळचं घर्षण गाडीला अडवतं, खुराखालचं घर्षण बैलांना पुढे ढकलतं. तेलकट फरशीवर बैल उभे करा, मग बघा गाडी हलते का.

गाडी एका वेगात आली की बैल थोडे सैल होतात. मग ओढा ३००, अडथळा ३००, जमिनीचा रेटाही ३००. त्वरण शून्य, गाडी मात्र चाललेलीच.

रस्सीखेच: दोरी हलकी असेल तर दोन्ही टोकांना ताण सारखाच. जिंकतो तो जास्त ओढणारा नव्हे, ज्याचे पाय जमिनीवर जास्त घट्ट तो. घरच्या पैलवानाला मोजे घालून गुळगुळीत फरशीवर उभं करा आणि भाचीला अनवाणी. पैलवान सरकत येईल.

आणि हा बैलगाडीचा घोळ आजचा नाही. न्यूटनने १६८७ साली 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात तिसरा नियम मांडला तेव्हा लगेच खाली उदाहरण दिलं ते दोरीने दगड ओढणाऱ्या घोड्याचं. घोडाही दगडाकडे तेवढाच ओढला जातो, असं तो लिहितो.

पुस्तकाचं उद्या. डोळे मिटताहेत.

गोदाकाठची_उमा
सोमवार, सकाळी ७:०५

जमा-नावे! वाचनखूण साठवली आहे. काका, पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

कादवाकाठ
सोमवार, सकाळी ८:२०

मास्तर, आमच्याकडे हे पावसाळ्यात रोज दिसतं. लासलगावला कांद्याची ट्रॉली घेऊन निघायचं आणि शेताच्या बांधावरच ट्रॅक्टर फसतो. इंजिन जोरात, चाक गरगर, ट्रॅक्टर जागेवर. जोर कमी नसतो हो. चाकाने मागे रेटायचं कोणाला? चिखल रेटून घेत नाही, तो मागे उडतो. म्हणून चाकाखाली दगड, पाचट, रिकाम्या गोण्या घालायच्या. इगतपुरीकडे भातखाचरात केजव्हील लावतात, लोखंडी पट्ट्यांचं चाक, ते चिखलात रुतून रेटतं.

एक गोष्ट मात्र पोरांना शिकवा, ही गंमत नाही. फसलेला ट्रॅक्टर काढताना साखळी वर, आसाच्या वर बांधू नका. चाक जाम झालेलं असतं. इंजिन चाकाला पुढे फिरवायला बघतं, चाक फिरत नाही, मग उलट ट्रॅक्टरचं धूडच चाकाभोवती मागे फिरतं. पुढची चाकं उचलतात आणि ड्रायव्हर खाली सापडतो. आमच्या शेजारच्या गावात माणूस गेलाय असा. साखळी नेहमी खालच्या हुकालाच. हीपण तुमची क्रिया-प्रतिक्रियाच ना?

निवृत्त_मास्तर
सोमवार, सकाळी ९:१०

हीच, भाऊ. फक्त सरळ ढकलण्याऐवजी पिळाची. इंजिन चाकाला ज्या पिळाने एका बाजूला फिरवतं, तेवढ्याच पिळाने चाक ट्रॅक्टरला उलट बाजूला फिरवतं. तुमच्याइतकं चांगलं उदाहरण मला ३१ वर्षांत सुचलं नाही.

बँकर_मागून
सोमवार, दुपारी १:४५

रेल्वेत इंजिन चालवलं, आता मनमाडला घरी बसून आहे. इगतपुरीचं नाव निघालं म्हणून लिहितो.

कसारा ते इगतपुरी घाटात चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. रस्त्याला हे काहीच नाही, रेल्वेला भयंकर आहे, कारण लोखंडावर लोखंड. हिशोब करा. डबे १२०० टनांचे धरा, डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं. सगळं मिळून १३२३ टन, भागिले ३७. म्हणजे जवळजवळ ३६ टनांचा जोर तर गाडी नुसती मागे घसरू नये म्हणून लागतो. या इंजिनाची सुरुवातीची ओढ साधारण ३३ टन. झालं, एकट्याने जमतच नाही. म्हणून कसाऱ्याला मागून इंजिनं लागतात. आम्ही त्यांना बँकर म्हणतो. प्रवाशांना वाटतं गाडी उगाच थांबली, वडापाव खायला.

लोक विचारतात, इंजिनाची ताकद वाढवा की, बँकर कशाला? ताकद वाढवून उपयोग नाही. इंजिनाला पुढे ढकलतो तो रूळ. चाक रुळाला मागे रेटतं, रूळ चाकाला पुढे. आणि रूळ किती रेटेल याला मर्यादा आहे, ती इंजिनाच्या वजनावर आणि रुळाच्या कोरडेपणावर ठरते. त्यापलीकडे गेलात की चाक जागच्या जागी फिरतं, कादवाकाठ यांच्या ट्रॅक्टरसारखंच. पहिल्या पावसात रुळावर धूळ-तेलाचा चिकटा होतो तेव्हा तर विचारू नका. त्यासाठी इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात. बटण दाबलं की चाकापुढे वाळू पडते. एवढं कोट्यवधींचं यंत्र, आणि घाटात भिस्त मूठभर वाळूवर.

बँकर मागे लावण्याचा आणखी एक फायदा. सगळी ओढ पुढून लावली तर पहिल्या कपलिंगवर सगळ्या गाडीचा भार येतो. मागून रेटलं की तो वाटला जातो. आणि कपलिंग तुटलंच तर डबे कसाऱ्याकडे पळत सुटत नाहीत.

मालगाडी सुटताना पुढून मागे खडखडाट पळत जातो तो ऐकलाय ना? कपलिंगमध्ये थोडी ढील असते, त्यामुळे डबे एकदम नाही, एकामागून एक निघतात. एकेक डबा आपलं जडत्व सोडतो.

निवृत्त_मास्तर
सोमवार, दुपारी २:३०

नमस्कार घ्या ड्रायव्हरसाहेब. शेवटच्या वाक्यावर मास्तरकी करतो, राग मानू नका. डबा जडत्व सोडत नाही. धावतानाही ते तेवढंच असतं, म्हणूनच तर तुम्हाला थांबवायला एवढं लांबून ब्रेक लावावा लागायचा.

बँकर_मागून
सोमवार, दुपारी २:४१

मान्य. ब्रेकचं तर माझ्याइतकं कोणाला पटणार.

शंकेखोर
सोमवार, दुपारी ४:००

बैलगाडी आणि इंजिन पटलं. दोन वह्या हे चांगलं आहे. पण पुस्तक-टेबल? तिथे वजन आणि टेबलाचा जोर सारखे आणि उलटे आहेत की नाहीत? शाळा काय चुकली?

निवृत्त_मास्तर
सोमवार, संध्याकाळी ६:१५

सारखे आहेत, उलटे आहेत, आणि तरी जोडी नाही. तुमचं माझं वय एक असलं म्हणून आपण जुळे भाऊ होत नाही.

मी वर्गात शेवटी शेवटी एकच कसोटी वापरायचो. प्रत्येक जोराला विचारायचं: कोणी, कोणाला? आणि नावांची अदलाबदल करायची.

पुस्तकाचं वजन म्हणजे काय? पृथ्वीने पुस्तकाला ओढलं. नावं उलटवा: पुस्तकाने पृथ्वीला ओढलं. हीच त्याची जोडी. भाचीने अक्षरशः हेच लिहिलंय.

टेबलाचा जोर म्हणजे? टेबलाने पुस्तकाला ढकललं. उलटवा: पुस्तकाने टेबलाला ढकललं. ही दुसरी जोडी.

वजन आणि टेबलाचा जोर हे दोन्ही पुस्तकाच्याच वहीत पडतात. म्हणून ते एकमेकांना खोडतात आणि पुस्तक स्थिर राहतं. तो पहिल्या-दुसऱ्या नियमाचा भाग झाला (शिल्लक शून्य तर वेग बदलत नाही, शिल्लक उरली तर त्वरण). तिसऱ्या नियमातली जोडी एकमेकांना कधीच खोडत नाही, कारण ती एका वहीत येतच नाही.

अजून शंका असेल तर टेबल लिफ्टमध्ये ठेवा. लिफ्ट वर निघताना टेबलाचा जोर वाढतो, पृथ्वीची ओढ होती तेवढीच. दोन्ही सारखे राहिले नाहीत. खरी जोडी असती तर एका क्षणासाठीसुद्धा अशी फुटली नसती. पुस्तकाखालून टेबलच काढून घ्या, टेबलाचा जोर शून्य, वजन तसंच. जोडीतला एक मेला आणि दुसरा जिवंत, असं तिसऱ्या नियमात होत नाही.

माझा खरा राग 'प्रतिक्रिया' या शब्दावर आहे. आपल्याकडे प्रतिक्रिया नंतर येते. कोणीतरी काहीतरी बोलतं, मग आपण प्रतिक्रिया देतो. या धाग्यावर देतोय तशी. त्यामुळे पोरांच्या डोक्यात बसतं की एक जोर मालक, दुसरा नोकर. तसं नाही. दोन्ही एकाच क्षणी जन्मतात, एकाच क्षणी संपतात, आणि कोणाला क्रिया म्हणायचं हे तुमच्या मर्जीवर. मला विचाराल तर 'जोडबल' म्हणावं. पण मला कोण विचारतो.

चिवडा_कांदा_लिंबू
सोमवार, संध्याकाळी ६:२२

म्हणजे बायको ओरडते आणि मी गप्प बसतो, यातलं प्रतिक्रिया बल कोणतं? कोणी, कोणाला?

गोदाकाठची_उमा
सोमवार, संध्याकाळी ६:२५

तुमच्या वहीत नावे टाका.

शंकेखोर
सोमवार, रात्री ८:५०

ठीक. लिफ्टने मला गप्प केलं. पण मास्तर, तुमचीच कसोटी तुमच्यावर. नाशकात शहर बसमध्ये द्वारका चौकात ब्रेक लागतो आणि मी पुढच्या माणसाच्या पाठीवर आदळतो. कसारा घाटातल्या वळणावर एसटीत मी खिडकीकडे फेकला जातो. तो जोर तर अंगाला जाणवतो. सांगा, कोणी, कोणाला? नावं उलटवून दाखवा.

सातपूरची_शिफ्ट
मंगळवार, सकाळी ६:४०

रात्रपाळी संपवून बसमध्येच बसलेय, म्हणून या प्रश्नाचं उत्तर मीच देते. काका रागावणार नाहीत.

कोणीच नाही. शंकेखोर दादा, तुम्हाला पुढे कोणी ढकलतच नाही, म्हणून नावं उलटवता येत नाहीत. ब्रेक लागला, बस मंद झाली. तुमचे पाय फरशीला चिकटलेले, तेही मंद झाले. धडाला कोणी अडवलंच नाही, ते आधीच्याच वेगाने चाललंय. तुम्ही फेकले गेला नाहीत, बस तुमच्या खालून मागे राहिली. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या भाजीवाल्या मावशींना विचारा, त्यांना हेच दिसेल. वळणावरही तसंच. तुम्ही सरळ चाललेले, एसटी वळली आणि खिडकी तुमच्याकडे आली.

म्हणून काकांची कसोटी इथे नापास नाही, उलट पास होते. ज्या जोराचा 'कोणी' सापडत नाही तो जोर खरा नव्हे, ते जडत्व. आत बसून हिशोब करायला सोपं पडावं म्हणून लोक तिथे एक काल्पनिक जोर धरतात, पण त्याला जोडीदार नसतो.

घरी जाताना अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी धरून बसा. ब्रेक लागला की पाणी पुढे धावतं आणि बुडबुडा मागे जातो. बस सुटताना उलट, बुडबुडा पुढे. शेजारच्या बाई माझ्याकडे आत्ता संशयाने बघताहेत.

मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत तपासणीला आहे, त्यामुळे सीटबेल्टबद्दल न बोलता राहवत नाही. गाडी ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समोर भिंत. ७० किलोचा माणूस. पट्टा लावला असेल तर गाडीचं नाक चेपतं, पट्टा थोडा ताणतो, आणि अंग साधारण अर्ध्या मीटरमध्ये थांबतं. त्यासाठी १३,५०० न्यूटनच्या आसपास जोर, म्हणजे अंगावर सुमारे १,४०० किलोचं ओझं, तेही छाती आणि कमरेवर पसरलेलं. पट्टा नसेल तर गाडी थांबते, अंग नाही. मग ते डॅशबोर्डवर ५ सेंटीमीटरमध्ये थांबतं. अंतर दहावा भाग, जोर दहापट. १४ टन.

आणि मांडीवरचं बाळ. पट्टा लावलेल्या आईलाही १० किलोचं बाळ त्या क्षणी २०० किलोचं होतं. "मी घट्ट धरते" असं म्हणणाऱ्या सगळ्यांना सांगा, २०० किलो कोणी धरत नाही. त्र्यंबक रोडवर दर रविवारी पुढच्या सीटवर बाळ मांडीत घेतलेल्या गाड्या मोजते आणि जीव कासावीस होतो.

गंमत म्हणजे पट्टासुद्धा जडत्वावरच चालतो. हळू ओढला तर सुटतो, गाडी एकदम मंदावली की अडकतो. आत एक छोटी गोळी किंवा लोलक असतो. गाडी थांबते, गोळी पुढे जाते आणि दात्याला अडसर लावते.

उतरायचं ठिकाण आलं. झोपते.

निवृत्त_मास्तर
मंगळवार, सकाळी ८:३०

ताई, रागावतो कसला. वर्गात तुमच्यासारखी एक असती तर मला सुट्टी घेता आली असती.

फक्त 'जडत्व' या शब्दाबद्दल थोडं. 'जड' म्हणजे आपल्याला वाटतं भारी. पण जड-चेतन म्हणतो तेव्हा जड म्हणजे निर्जीव, आपणहून काही न करणारं. जडत्वातला जड हा दुसरा आहे. लॅटिनमधला इनर्शियाही त्याच अर्थाकडे जाणारा, मूळ अर्थ निष्क्रियता, आळस. शास्त्रात तो शब्द आधी खगोलशास्त्रज्ञ केप्लरने वापरला, पण त्याची समजूत होती की वस्तू आपणहून थांबायला बघते, म्हणजे आळशी. गॅलिलिओने उतारावर गोळे सोडून बघितले आणि १६३८च्या ग्रंथात निराळंच मांडलं: अडवलं नाही तर सपाटीवर वस्तू चालतच राहील. आळस खराच, पण बदलाचा आळस. बसलेला उठत नाही, चाललेला थांबत नाही.

पोरांना मी कॅरम दाखवायचो. पावडर न टाकता सोंगटी सरकवा, अर्ध्या बोर्डात थांबते. पावडर टाका, समोरच्या कडेवर आपटून परत येते. स्ट्रायकरचा जोर तोच. मग विचारायचं, पावडर अजून चांगली असती तर? अजून चांगली? वर्गातला एखादा पोरगा गप्प व्हायचा आणि त्याचे डोळे मोठे व्हायचे. तेवढ्यासाठी नोकरी केली.

कादवाकाठ
मंगळवार, सकाळी ९:४५

कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की आम्ही पातं खाली आपटत नाही. कुऱ्हाड उभी धरून दांड्याचं बूड दगडावर ठोकतो. दांडा थांबतो, वरचं लोखंड आपल्या गुर्मीत खाली येऊन घट्ट बसतं. आजोबांना गॅलिलिओ माहीत नव्हता.

तोफखाना
मंगळवार, दुपारी ३:१०

देवळाली कॅम्पचा रहिवासी, तोफखान्यातून निवृत्त. इथे सगळे जमिनीला रेटून पुढे जाताहेत. मग प्रश्न येतोच, रॉकेट कोणाला रेटतं? अवकाशात ना चिखल, ना रूळ.

या प्रश्नाने मोठे मोठे फसलेत. १९२०च्या जानेवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने संपादकीयात अमेरिकेतला रॉकेट-संशोधक रॉबर्ट गॉडार्ड याची खिल्ली उडवली होती की पोकळीत रेटायला काही नसताना रॉकेट चालणार कसं, एवढं शाळेतलं ज्ञानही या प्राध्यापकाला नाही. त्या वृत्तपत्राने चूक दुरुस्त केली १७ जुलै १९६९ला. माणसांना चंद्रावर नेणारं अपोलो ११ आदल्या दिवशी उडालं होतं.

उत्तर तोफेत आहे. गोळा हवेला रेटून तोफ मागे येत नाही, तोफ आणि गोळा एकमेकांनाच रेटतात. १५५ मिलिमीटरच्या तोफेचा ढोबळ हिशोब: गोळा ४३ किलो, वेग सेकंदाला ८०० मीटर. गुणाकार ३४,४००. तोफेचं वजन गुणिले तिचा मागे येण्याचा वेग, हा गुणाकारही तेवढाच भरायला हवा. तोफ १२ टनांची धरली तर तिला सेकंदाला जवळजवळ २.९ मीटर, म्हणजे ताशी १० किलोमीटर वेगाने मागे यायला हवं. दारूच्या वायूंचा वाटा धरला तर त्याहून जास्त. १२ टनांचं धूड, धावत्या माणसाच्या वेगाने, तुमच्या पायावर. तसं होऊ नये म्हणून नळी खाचेवरून मागे सरकते, तिच्यामागे तेल आणि दाबलेला वायू असतो, ते धक्का सावकाश खातात. ताईंनी सांगितलेलं पट्ट्याचं तत्त्वच, थांबायला अंतर द्या. तोफेचे पाय जमिनीत रोवलेले असतात ते उरलेला धक्का पृथ्वीच्या वहीत टाकायला.

रॉकेट म्हणजे न थांबता मागे गोळे सोडणारी तोफ, गोळे फक्त वायूचे. वायूने रॉकेटला, रॉकेटने वायूला. तिसऱ्याची गरज नाही.

चिवडा_कांदा_लिंबू
मंगळवार, दुपारी ३:३०

रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा (उडी) मारतो तेव्हा मी पाण्याला आणि पाणी मला. पाठ लाल होते तो पुरावा. पहिल्यांदाच गांभीर्याने लिहितोय.

मामा_इंदिरानगर
बुधवार, रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार. तीन दिवस धागा मी भाचीला वाचून दाखवतोय. 'कोणी, कोणाला' हा घरात खेळच झालाय. काल मेन रोडवरून दोन ताणकाटे आणले, एकमेकांत अडकवले. एक भाचीकडे, एक माझ्याकडे. ती म्हणाली, "मामा, तू जास्त ओढ, बघू तुझा काटा जास्त दाखवतो का." ओढून ओढून खांदा दुखला. हिसके देऊन बघितले. तिने नुसता हात घट्ट धरून ठेवला, ओढलं नाही, तरी दोन्ही काटे सारखेच. मग तिचा काटा दाराच्या कडीला लावला. कडीसुद्धा माझ्याइतकीच ओढते! यावर मेव्हणे म्हणाले, कडी तरी बरी, बोलत नाही.

भाचीने काल बाईंना वहीत दोन रकाने करून दाखवले, पुस्तकाची वही आणि पृथ्वीची वही. बाईंनी शांतपणे वाचलं, स्टाफरूममध्ये विचारते म्हणाल्या. आज पेपर परत आला. भोपळा खोडून अर्धा गुण.

आता नवा प्रश्न: पुस्तक पडताना पृथ्वी वर येते, तर किती?

निवृत्त_मास्तर
बुधवार, रात्री ९:४०

अर्ध्या किलोचं पुस्तक मीटरभर पडलं असं धरू. जोर दोघांवर सारखाच, पण पृथ्वीचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं इतके किलो. त्या प्रमाणात ती सरकणार. उत्तर येतं ०.०००... असं करत दशांश चिन्हानंतर २५ शून्यं आणि मग ८, मीटरमध्ये. प्रोटॉनच्या व्यासाचे हजार कोटी तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याहून कमी. पण शून्य नाही. तिला भागाकार स्वतः करू द्या.

अर्धा गुण कशाचा कापला ते मात्र विचारा.

मामा_इंदिरानगर
बुधवार, रात्री ९:५८

विचारलं. 'पृथ्वी'ची वेलांटी ऱ्हस्व काढली होती.

कादवाकाठ
बुधवार, रात्री १०:२०

मामा, ते ताणकाटे किती किलोचे आहेत? द्राक्षाच्या क्रेटसाठी मला दोन हवेत. पोरीचं झालं असेल तर सांगा, शनिवारी नाशकात येतोय.